माशांच्या पाण्यावरची फळं

१. उपासाला चालेल का?

मासे आणि झाडं एकाच पाण्यावर वाढवायच्या पद्धतीला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. या विषयावर चारचौघांत बोलायला लागलं की उत्पन्नाचा प्रश्न बऱ्याच उशिरा येतो. आधी कोणीतरी विचारतं, "माशांच्या पाण्यावर आलेली पपई उपासाला चालेल का हो?" आणि ते हसणं थांबायच्या आत दुसरा प्रश्न येतो, "फळाला मासळीचा वास नाही येत?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही येत. तळ्यातल्या माशाला कधीकधी चिखलाचा वास लागतो, तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. पाण्यातले काही सूक्ष्मजीव तो तयार करतात आणि तो माशाच्या चरबीत साठतो. झाडाची मुळं मात्र पाण्यातून मुख्यतः विरघळलेले क्षार उचलतात: नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, लोह. शेणखतातून मिळालेलं नायट्रेट, युरियातून मिळालेलं नायट्रेट आणि माशाच्या टाकीतलं नायट्रेट यांत मुळाला काही फरक कळत नाही, कारण फरक असतच नाही. शेणखतावरच्या भेंडीला शेणाचा वास येत नाही, तसंच हे.

उपासाचं म्हणाल तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या पपईत माशाचं काही नाही. बाकीचा निर्णय घरातल्या मोठ्यांनी करावा. एक पथ्य मात्र खरोखर पाळायचं असतं. टाकीचं पाणी खाण्याच्या फळावर उडू द्यायचं नाही आणि टाकीत शेण, कोंबडीखत असलं काही घालायचं नाही. माणसाला त्रास देणारे आतड्यातले जंतू प्रामुख्याने उष्ण रक्ताच्या प्राण्यांकडून येतात. पाण्यात ते शिरतात गुरांच्या, पक्ष्यांच्या आणि आपल्या न धुतलेल्या हातांच्या वाटेने.

पण खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. माशांच्या पाण्यावर पालक, लेट्यूस, तुळस झकास येतात, त्याचे फोटो सगळीकडे दिसतात. फळांचं काय? टोमॅटो, स्ट्रॉबेरी, पपई, केळी येतात का? येतात. पण पालेभाजी जशी जवळजवळ फुकटात येते, तशी फळं येत नाहीत.

२. पाण्यात काय घडतं

मासा खाद्य खातो आणि त्यातल्या नको असलेल्या नत्राचा बराचसा भाग अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. विष्ठेतून जातो तो त्या मानाने थोडा. अमोनिया माशाला विषारी. बंद टाकीत तो साठत गेला तर मासे स्वतःच्याच उत्सर्गाने मरतात.

इथे जिवाणू मदतीला येतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, कारण ते माशाच्या रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घालवतं आणि रक्त तपकिरी दिसू लागतं. नायट्रेट मात्र माशाला बऱ्याच प्रमाणात सोसतं आणि झाडाचं ते आवडतं अन्न आहे. हे जिवाणू वेगळे काढून त्यांचं काम दाखवून दिलं सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने, १८९०च्या सुमारास. सूर्यप्रकाशाशिवाय, निव्वळ खनिजांवर जगणारे जीव असू शकतात, हे तेव्हा कोणाला पटणारं नव्हतं.

हे जिवाणू खडीवर, विटांच्या तुकड्यांवर, पाइपच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर करून राहतात. त्यांची वाढ सावकाश होते. नव्या टाकीत ती वसाहत जमायला ३ ते ६ आठवडे लागतात. म्हणून आज टाकी, उद्या मासे, परवा रोपं असं जमत नाही. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढतं, तेही उतरलं की नायट्रेट दिसू लागतं. मत्स्यपालनाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात या तिन्हींच्या तपासणीचे संच मिळतात. ते घेतल्याशिवाय बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, घेऊ नयेत. नळाचं पाणी भरलं असेल तर त्यातलं क्लोरीनही आधी उडून जायला हवं, नाहीतर जिवाणूंचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी होतो.

३. थोडा मागचा धागा

मासे आणि झाडं यांची जोडी जुनी आहे. चीनमधल्या पर्ल नदीच्या खोऱ्यात तळ्यांच्या बांधांवर फळझाडं आणि पुढे तुती लावत, तळ्याचा गाळ काढून झाडांना घालत. आज आपण पाहतो त्या पंप आणि टाक्यांच्या रचनेची सुरुवात मात्र अमेरिकेतली. १९६९ साली 'न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट' सुरू झाली आणि पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉड इथे जॉन टॉड, नॅन्सी टॉड आणि विल्यम मॅकलार्नी यांनी काचघरात मासे आणि भाजी एकत्र वाढवून पाहिली. १९८०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी वाळूच्या वाफ्यांत माशांचं पाणी सोडून टोमॅटो आणि काकडी घेतली. म्हणजे फळपीक या खेळात सुरुवातीपासूनच आहे. नंतर कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉइ बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात, जेम्स राकोसी यांनी वर्षानुवर्षं तिलापिया मासा आणि निरनिराळी पिकं घेऊन आकडे जमवले. भेंडी आणि खरबूजसुद्धा त्यात होतं. मासळीला किती खाद्य घातलं तर किती जागेतलं पीक पोसतं, हा हिशेब आज जगभर वापरतात तो मुख्यतः त्यांच्या कामातून आलेला.

४. खाद्याचा हिशेब

अ‍ॅक्वापोनिक्समध्ये लोक विचारतात, "किती मासे ठेवू?" खरं तर विचारायला हवं, "रोज किती खाद्य पडणार?" बाहेरून या व्यवस्थेत जे येतं ते जवळजवळ सगळं खाद्याच्या पोत्यातून येतं. मासा मधला.

एक उदाहरण करून पाहू. १,००० लिटरची टाकी आहे, त्यात हवा सोडणारा पंप आहे आणि सगळे मिळून २० किलो वजनाचे मासे आहेत. नवशिक्याने याच्या वर जाऊ नये. वाढत्या माशाला रोज वजनाच्या साधारण १ टक्का खाद्य धरलं तर २०० ग्रॅम झालं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने २०१४ मध्ये छोट्या अ‍ॅक्वापोनिक्सवर एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात पालेभाजीसाठी दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य आणि फळभाजीसाठी ५० ते ८० ग्रॅम असा ठोकताळा दिला आहे. म्हणजे २०० ग्रॅम खाद्यावर पालेभाजीचा ४ ते ५ चौरस मीटरचा वाफा पोसतो, फळांचा अडीच ते चार चौरस मीटरचा. चौरस फुटांत सांगायचं तर फळांसाठी २७ ते ४३ चौरस फूट. दर चौरस मीटरला टोमॅटोची चार रोपं धरली तर एका टाकीवर १० ते १६ झाडं.

आता त्या २०० ग्रॅममधलं नत्र मोजू. खाद्यात ३२ टक्के प्रथिनं असतील तर ६४ ग्रॅम प्रथिनं झाली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं, म्हणजे १० ग्रॅम नत्र. त्यातलं सुमारे एक तृतीयांश मासा आपल्या अंगात मुरवतो. उरलेलं जवळपास ७ ग्रॅम रोज पाण्यात येतं. हा ७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५. पान आणि फळ

पालेभाजीला मुख्यतः नत्र हवं. ते पाण्यात भरपूर आहे. तिलाही पालाश लागतं, पण ३०-४० दिवसांत ती कापून मोकळी होते आणि फळाचं ओझं तिच्यावर येत नाही, त्यामुळे कमतरता जाणवायच्या आत काम संपतं. टोमॅटोचं झाड महिनोन्महिने उभं राहतं आणि आठवड्यामागून आठवडे फळं भरतं. फळ भरायचं, गोडी यायची, रंग सारखा चढायचा, यासाठी पालाश लागतं. द्राक्ष-डाळिंबवाल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. फळ फुगवणीच्या वेळी पोटॅश सोडणं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

आहाराच्या तक्त्यांत १०० ग्रॅम टोमॅटोत साधारण ०.९ ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅम पालाश दाखवलेलं असतं. प्रथिनांवरून नत्र काढलं तर सुमारे १४० मिलिग्रॅम. म्हणजे टोमॅटो १ भाग नत्र घेतो तेव्हा पावणेदोन भाग पालाश घेतो. केळ्यात तर पालाश नत्राच्या दुप्पट. आता खाद्याकडे पाहा. माशाला पालाशची गरज थोडीच, त्यामुळे खाद्यात ते सहसा १ टक्क्याच्या आसपास असतं. २०० ग्रॅममध्ये फार तर २ ग्रॅम. त्यातलंही काही मासा ठेवून घेतो.

पाण्यातलं ७ ग्रॅम नत्र फळांत जायचं असेल तर सोबत १२ ग्रॅम पालाश हवं. हातात आहे २ ग्रॅम. सगळं नत्र काही फळांत जात नाही, पानं-खोडंही वाढतात, त्यामुळे तूट रोज नेमकी १० ग्रॅमची नसेल. पण तूट आहे आणि ती मोठी आहे. मासे जास्त घालून ती भरत नाही, कारण खाद्य दुप्पट केलं की नत्रही दुप्पट होतं आणि तफावत जिथल्या तिथे राहते. झाड मात्र जास्त नत्रामुळे माजतं, पानं हिरवीगार गर्द होतात, फुलं गळतात आणि मालक म्हणतो, "झाड तर बघा किती छान आहे, फळ का धरत नाही?"

पालाशखेरीज दोन गोष्टी कमी पडतात. कॅल्शियम कमी पडलं की टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. लोह कमी पडलं की नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पालाशची कमतरता उलट जुन्या पानांवर दिसते. त्यांच्या कडा पिवळ्या होऊन करपतात. नवं पान की जुनं पान, एवढं नीट पाहिलं तरी अर्धं निदान झालं.

६. पाणी आंबट होतं, ते बरंच आहे

इथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. मला या सगळ्या विषयात तीच सर्वांत आवडते.

पाण्याची आम्लता मोजायच्या पट्टीला आपल्याकडे सामू म्हणतात. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. पट्टीवरचं एक घर सरकलं की आम्लता दहापट बदलते. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, त्यामुळे चालू टाकीतलं पाणी हळूहळू आंबट होत जातं. सामू ६ च्या खाली गेला की जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया पुन्हा साठू लागतो. म्हणून ते आम्ल मारायला काहीतरी अल्कली घालावीच लागते. खाण्याचा सोडा घातला तर सामू वर येतो, पण त्यासोबत सोडियम येतं आणि ते झाडाला नको असतं. त्याऐवजी एकदा पालाशची अल्कली आणि एकदा चुना, असं आलटून पालटून घातलं तर? सामू सावरतो आणि फळाला जे कमी पडत होतं तेच दोन घटक पाण्यात जातात. राकोसी यांनी सेंट क्रॉइमध्ये हेच केलं: पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरवलेला चुना. लोह मात्र वेगळं द्यायचं, दर तीन आठवड्यांनी लिटरला २ मिलिग्रॅम, चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळून राहील अशा, स्वरूपात.

घरगुती टाकीसाठी माझी पसंती पोटॅशियम बायकार्बोनेटला. हायड्रॉक्साइड हात भाजतं आणि सामू एकदम उडवतं. बायकार्बोनेटच्या २५ ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम पालाश असतं. ते बादलीत विरघळवून, थोडं थोडं, वाफ्याच्या बाजूने सोडायचं, माशांच्या डोक्यावर नाही.

घाई का नको, तेही समजून घेण्यासारखं आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं जहाल. पाणी २५ अंश सेल्सियस असताना सामू ७ असेल तर जहाल रूप जेमतेम अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. सामू ८ झाला की ५ टक्के. ९ झाला की ३६ टक्के. अमोनिया तेवढाच, पण सामू एकदम चढला तर विष कैक पटींनी वाढतं. संध्याकाळी मूठभर चुना टाकला आणि सकाळी मासे उलटे, या गोष्टीमागे हेच गणित असतं. चुलीच्या राखेतही पालाश आणि कॅल्शियम दोन्ही असतं, पण कुठल्या लाकडाच्या राखेत किती हे सांगता येत नाही आणि ती सामू जोरात चढवते. झाडाच्या बुंध्याशी राख जरूर घाला, टाकीत नको.

महाराष्ट्रात एक वेगळी अडचण येते. आपल्या अनेक बोअरवेलचं पाणी कठीण, म्हणजे आधीच अल्कलीयुक्त. अशा पाण्याचा सामू महिनोन्महिने ७.५-८ च्या खाली उतरतच नाही, मग बायकार्बोनेट घालायला वावच राहत नाही. अशा वेळी शेतकऱ्यांच्या ओळखीचं ०:०:५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, थोड्या मात्रेत वापरावं. त्याने सामू हलत नाही. शक्य असेल त्यांनी पावसाचं पाणी साठवून ते मिसळावं.

७. एका पातेल्यातली आमटी

आता मूळ तंटा. तिलापियाला सामू ७ ते ८.५ मानवतो. जिवाणूंना ७ ते ८. बहुतेक झाडांना ५.५ ते ६.५, कारण त्या आम्लतेत लोह, मँगनीज नीट उचलता येतं. तिघांचं पाणी मात्र एकच. घरात एकाच पातेल्यात आमटी करायची असते, आजोबांना झणझणीत हवी आणि नातवाला तिखट चालत नाही, तेव्हा आई बेताचं तिखट घालते. कोणाचीच आवडती होत नाही, पण सगळे जेवतात. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये ही बेताची जागा ६.५ ते ७ च्या दरम्यान आहे.

पालेभाजी अशा तडजोडीवर खूश असते. फळपीक कुरकुरतं. म्हणून ज्यांना फळं व्यापारी पातळीवर घ्यायची होती त्यांनी दुसरी वाट काढली: तिखट घालण्याआधी नातवाची वाटी बाजूला काढायची. माशांचं पाणी माशांच्याच चक्रात फिरवायचं, त्यातून लागेल तेवढं पाणी एकाच दिशेने झाडांच्या चक्रात सोडायचं आणि तिथे आम्ल, पालाश, लोह हवं ते घालायचं. ते पाणी माशांकडे परत येत नाही. बर्लिनमध्ये म्युगेलझे तलावाकाठी गोड्या पाण्यातील परिसंस्थेवर संशोधन करणारी लायब्निट्झ संस्था आहे. तिथे वर्नर क्लोआस आणि सहकाऱ्यांनी तिलापिया आणि टोमॅटो असे घेतले. झाडांनी पानांवाटे बाहेर टाकलेली वाफ काचघरातल्या हवेतून थंड करून पुन्हा पाणी केलं आणि तेवढं शुद्ध पाणी माशांना परत दिलं. माशांच्या श्वासातला कार्बन डाय ऑक्साइडही त्याच काचघरात झाडांच्या कामी आला. कल्पना देखणी आहे. पण काचघर, शीतकरण, दोन पंप, दोन नियंत्रणं हे सगळं परसबागेतल्या माणसासाठी नाही.

८. कोणतं फळ घ्यावं?

टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, काकडी, वांगी ही वनस्पतिशास्त्राच्या लेखी फळंच. सुरुवात यांच्यापासून करावी. काकडीची परागीभवनाशिवाय फळ धरणारी वाणं मिळतात, ती जाळीच्या घरात सोयीची. टोमॅटोच्या फुलातला पराग कुपीसारख्या भागात अडकलेला असतो, तो थरथरीने मोकळा होतो. उघड्यावर वारा आणि भुंगे ते करतात. मधमाशीला ही थरथर जमत नाही. बंद जागेत रोज सकाळी उशिरा आधाराच्या सुतळीला टिचकी मारत जायचं.

स्ट्रॉबेरीला क्षारांचं पाणी सोसत नाही, पातळ द्रावण आवडतं आणि माशांचं पाणी पातळच असतं. म्हणून जोडी जमते. रोपाचा मधला गड्डा, जिथून पानं फुटतात, तो पाण्याच्या वर हवा. बुडला की कुजला. सामू शक्यतो ६.५ च्या आसपास ठेवायचा, नाहीतर पानं पिवळी. अडचण हवामानाची आहे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी थंडीची, आणि थंड पाण्यात तिलापिया खाणं सोडतो. त्याने खाणं सोडलं की झाडाचं जेवणही बंद. तिथे सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, बरा. तो गारठ्यातही थोडंफार खातो.

पपई हे या पद्धतीचं खरं फळझाड. नऊ-दहा महिन्यांत फळ, उंची आवाक्यात, भूक दांडगी. तैवान ७८६ सारखं वाण घेतलं तर नर झाड निघायची भीती नाही. २०० लिटरचा ड्रम अर्धा कापून त्यात खडी भरायची, खाली भोक ठेवून पाणी भरायचं आणि सायफनने पूर्ण उतरू द्यायचं. पपईच्या मुळांना पाणी हवं, पण तुंबलेलं पाणी दोन दिवसही नको.

केळीबद्दल मी जरा सावध आहे. येते, जोरात येते. पालाशची तिची भूक वर सांगितली आहे. तिची मुळं पाइपांत शिरतात, मुनवे वाफा फोडतात, आणि एवढं करून घड एकच. जळगावच्या मळ्यात जे स्वस्तात पिकतं ते खडीच्या ड्रममध्ये कशाला? हौस असेल तर एक झाड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाण्यावर, जमिनीत लावावं.

आंबा, डाळिंब, द्राक्ष यांना खडीच्या वाफ्यात जागा नाही.

माशांपैकी चिलापी, म्हणजे तिलापिया, सर्वांत सोशिक. पण आपल्याकडे त्याच्या संवर्धनावर निर्बंध आहेत, परवानगी लागते, त्यामुळे आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावं. आफ्रिकन मांगूर कोणी गळ्यात मारू पाहिला तर घेऊ नये, त्यावर बंदी आहे. सायप्रिनस निर्वेध. खायचे नसतील तर कोई किंवा गोल्डफिशसुद्धा चालतात. झाडाला काही फरक पडत नाही.

९. फवारणी आणि वीज

फळपिकाला कीड-रोग पालेभाजीहून जास्त, कारण ते जास्त दिवस उभं असतं. आणि इथेच आपल्या सवयी आडव्या येतात. द्राक्षवाल्याच्या हाती बोर्डो मिश्रण सहज येतं, पण त्यातल्या मोरचुदाचं तांबं माशाला घातक. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशाला फारच विषारी. "सेंद्रिय आहे" म्हणून निंबोळी अर्क निर्धास्त मारू नये, तोही माशाला निरुपद्रवी नाही. साबणाच्या पाण्याने माशाचे कल्ले सोलवटतात. उरतं काय? पिवळे चिकट सापळे, कामगंध सापळे, जाळी, हाताने वेचणं आणि अळ्यांसाठी बीटी जिवाणूंची पावडर, जी माशाला अपाय करत नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदा नोंदल्या गेलेल्या टूटा या टोमॅटोवरच्या नागअळीला जाळी आणि कामगंध सापळा एवढाच उपाय सुरुवातीपासून ठेवावा लागतो.

उलट दिशेनेही तसंच. मासा आजारी पडला की मच्छीमार खडेमीठ सुचवतो आणि माशासाठी ते योग्यही आहे. पण स्ट्रॉबेरी त्या मिठाने करपते. आजारी मासा वेगळ्या टबात काढून तिथे उपचार करायचा. प्रतिजैविक टाकीत कधीच नाही, जिवाणूंची वसाहत मरते.

विजेचं एवढंच सांगतो: पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतच नाही, आणि माशाला ५ तरी हवा. दाटीच्या टाकीत हवेचा पंप बंद पडला तर तासाभरात गडबड सुरू होते. इन्व्हर्टरवर पाण्याचा पंप नाही चालला तरी चालेल, हवेचा चालला पाहिजे.

१०. शेततळं आणि बाग

एवढं सगळं वाचून डाळिंबाचा बागायतदार विचारेल, "माझ्यासाठी यात काय?" माझ्या मते त्याच्याकडे या टाक्या-ड्रमांपेक्षा चांगलं साधन आधीच आहे. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. त्यात रोहू, कटला, सायप्रिनस सोडले आणि तेच पाणी ठिबकने बागेला दिलं तर ते काटेकोर अर्थाने अ‍ॅक्वापोनिक्स होत नाही, पाणी परत येत नाही म्हणून. पण पाणी एकदाच जात असल्यामुळे सामूचा तंटा नाही, जमिनीतल्या जिवाणूंना बसवावं लागत नाही, आणि काळ्या जमिनीत पालाशचा साठा मुळातच चांगला असतो. टाकीत जी तूट रोज भरावी लागते ती इथे माती बऱ्याच अंशी स्वतः सांभाळते. फवारणीही करता येते, फक्त तुषार तळ्यावर जाता कामा नयेत.

त्यातही पाहायच्या गोष्टी आहेतच. शेवाळ आणि गाळ ठिबकच्या तोट्या बुजवतो. म्हणून वाळूचा फिल्टर आणि त्यामागे चकतीचा फिल्टर लावावा, आणि दोन्ही नेहमीपेक्षा जास्त वेळा धुवावे. नत्र या पाण्यातून येतंच आहे, तेव्हा युरियाची मात्रा माती-पानांची तपासणी करून कमी करावी, नाहीतर बाग पानांनीच भरते. डाळिंबाला ताण द्यायच्या दिवसांत पाणी तळ्यात पडून राहतं, मासे मजेत वाढतात. पण उन्हाळ्यात बागेला पाणी लागतं आणि तळं खाली जातं, तेव्हा तेवढेच मासे थोड्या, तापलेल्या पाण्यात कोंडले जातात. त्यामुळे बोटुकली जुलै-ऑगस्टमध्ये तळं भरल्यावर सोडायची आणि मोठे झालेले मासे मार्चपासून काढायला लागायचे. एप्रिलअखेर तळ्यात मासा शिल्लक ठेवायचा असेल तर तळाचं कंबरभर पाणी बागेला द्यायचं नाही, हे आधीच ठरवून मोटरचा फूटव्हॉल्व्ह तेवढ्या उंचीवर टांगून ठेवायचा.